गाडी मागून ‘घूंऽऽ’ करते : आधी डिफरन्शियल ओळखा, मग पैसे मोजा



आपल्या वार्तापत्रात आपण दप्तराचे, हप्त्यांचे, हिशोबाचे पाठ वाचतो. आजचा पाठ गाडीचा आहे. गटाच्या पैशातून घेतलेली गाडी हीसुद्धा गटाची ठेवच आहे, म्हणून तो इथे घेतला आहे.

मढसारख्या गावात गाडीवाचून धंदा चालत नाही. होडी किनाऱ्याला लागली की म्हावरं बर्फात घालून वेळेत बाजाराला पोचलं पाहिजे. माणसाला वेसाव्याला जायला खाडीतली बोट आहे, पण टेम्पोला ती वाट नाही. त्याला एरंगळ, आक्सा करत मार्वे रोडने मालाडलाच जावं लागतं. सुके बोंबील मरोळच्या बाजाराला न्यायचे तरी सुरुवात त्याच रस्त्याने.

आमच्या गटाने कर्ज काढून जुना पिकअप टेम्पो घेतला. एप्रिलमध्ये तो मागून आवाज करतो म्हणून गॅरेजात नेला. पाच मिनिटांत उत्तर मिळालं, “ताई, आख्खा डिफरन्शियल गेला. बदलावा लागेल.” सांगितलेली रक्कम आमच्या चार हप्त्यांएवढी होती. संध्याकाळी बैठकीत अकराजणी बसलो. कुणी म्हणालं कर्ज वाढवून घेऊ, कुणी म्हणालं गाडीच विकून टाकू. पण ‘गेला म्हणजे नेमकं काय गेलं?’ हे विचारायला आमच्याकडे शब्दच नव्हते.

तो प्रश्न विचारता यावा, म्हणून हा पाठ. तो वाचून कुणी मेकॅनिक होणार नाही. पण आवाज कसला ते सांगता येईल, गाडीखाली काय बघायचं ते कळेल, आणि गॅरेजवाल्याशी धीराने बोलता येईल.

डिफरन्शियल कुठे असतो आणि करतो काय?

पिकअप टेम्पोच्या मागे वाकून बघा. दोन मागच्या चाकांना जोडणारी लोखंडी आडवी नळी दिसेल. तिच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगीर भाग असतो. त्याला गॅरेजात हौजिंग म्हणतात. त्याच्या पोटात डिफरन्शियल असतो. पुढच्या गिअरबॉक्सपासून एक लांब फिरता दांडा तिथवर येतो. त्याला प्रोपेलर शाफ्ट किंवा जॉइंट शाफ्ट म्हणतात.

आता खळ्यातली मळणी आठवा. मधल्या खांबाला बांधलेले बैल गोल फिरतात. खांबाजवळचा बैल जवळजवळ जागेवर वळतो, बाहेरच्या टोकाचा बैल मात्र भराभर चालतो, कारण त्याचा फेरा मोठा. गाडी वळते तेव्हा चाकांचंही तसंच होतं. दोन मागच्या चाकांत साधारण दीड मीटर अंतर धरलं, तर गाडी पूर्ण उलट दिशेला वळेपर्यंत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साडेचार मीटरहून जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती, तर वळताना एक चाक घासत गेलं असतं, टायर झिजले असते आणि दांडा पिळवटला असता. इंजिनचा जोर दोन्ही चाकांना द्यायचा, पण प्रत्येकाला हवा तेवढा वेग घेऊ द्यायचा, हे काम डिफरन्शियलचं. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या कारागिराने 1828 साली वाफेच्या गाडीसाठी अशी रचना नोंदवली. मूळ युक्ती आजही तीच आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी, म्हणजे मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी, तिलाही मागेच डिफरन्शियल होता. आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचा डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतो. पण माल वाहणारे पिकअप, छोटे टेम्पो आणि ईकोसारख्या गाड्या अजून मागच्या चाकांवर चालतात. हा पाठ त्यांच्यासाठी आहे.

आतले भाग : पाच नावं लक्षात ठेवा

1. पिनियन. शाफ्टच्या टोकाचा लहान दातेरी गिअर. गॅरेजात याला टेल पिनियनही म्हणतात.

2. क्राऊन. परातीसारखा मोठा दातेरी गिअर. पिनियन त्याला फिरवतो. इथे दोन कामं होतात : लांबीच्या दिशेने आलेली फिरकी चाकांच्या दिशेला वळते, आणि वेग कमी होऊन जोर वाढतो. समजा क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 10 दात आहेत. मग शाफ्ट 4.1 वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं.

3. स्टार गिअर. क्राऊनला जोडलेल्या पेटीतले छोटे गिअर. सरळ रस्त्यावर ते स्वतःभोवती फिरत नाहीत. गाडी वळली की फिरतात आणि दोन चाकांचा वेग वेगळा होऊ देतात.

4. बेअरिंग. पिनियनला दोन आणि क्राऊनच्या पेटीला दोन बाजूंना दोन. गिअर आपापल्या जागी पक्के धरून ठेवणं हे यांचं काम.

5. ऑइल सील. तेल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेल्या रबरी कडा. एक पिनियनजवळ असते, बाकीच्या दोन्ही चाकांकडे.

या पाचांपैकी एक बिघडला तरी गॅरेजात ‘डिफरन्शियल गेला’ असंच म्हणतात. सील गेलं म्हणजे किरकोळ खर्च. क्राऊन-पिनियन गेले म्हणजे मोठा खर्च. म्हणून नाव विचारायचं.

कान देऊन ऐका

मेकॅनिककडे जाण्याआधी गाडी मोकळ्या रस्त्यावर फिरवा. एक बाई ड्रायव्हरशेजारी बसेल आणि आवाज लिहून घेईल. कधी येतो ते लिहायचं : वेग घेताना, पाय सोडताना, वळताना, की सतत?

• ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘ऊंऽऽ’ असा रडका आवाज, पाय उचलला की कमी. क्राऊन-पिनियनचे दात झिजले असतील, नीट बसत नसतील, किंवा तेल कमी असेल. तेल आधी बघा.

• पाय सोडल्यावर, गाडी आपल्या ओघाने जाताना आवाज वाढतो. पिनियनचं बेअरिंग सैल झाल्याची शंका घ्या.

• वेग वाढेल तशी ‘घूंऽऽ’ वाढते, पाय दाबला काय नि सोडला काय, फारसा फरक नाही. बेअरिंगकडे बोट जातं. ते डिफरन्शियलमधलं असेल किंवा चाकाचं.

• सरळ जाताना शांत, वळताना मात्र ‘कट-कट’. स्टार गिअर किंवा त्यांच्या चकत्या झिजल्या असतील.

• ठरावीक अंतराने ‘टक... टक... टक’. दाताचा तुकडा उडाला असण्याची शक्यता आहे. गाडी तिथेच थांबवा. पुढे नेली तर तो तुकडा बाकीचे दात खाईल.

• गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदाच ‘धाड्’. बऱ्याचदा शाफ्टचा क्रॉस सैल असतो. कधी पाट्यांचे यू-बोल्ट ढिले असतात. ही दोन्ही डिफरन्शियलबाहेरची कामं आहेत.

डिफरन्शियलचा नसलेला आवाज

चुकीच्या ठिकाणी पैसे जाऊ नयेत म्हणून तीन साध्या परीक्षा करा.

पहिली, टायरची. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला, तर तो टायरचा असू शकतो. डिफरन्शियलला रस्ता कसला आहे याचं घेणंदेणं नसतं. टायरमधली हवा आणि झीज बघा.

दुसरी, इंजिनची. गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक लावा आणि इंजिन तेवढ्याच जोरात फिरवा. तोच आवाज उभ्या गाडीतही आला, तर दोष पुढे आहे. उभ्या गाडीत मागचा डिफरन्शियल फिरतच नाही.

तिसरी, चाकाच्या बेअरिंगची. रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात गाडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे घ्या. एका बाजूला घेतल्यावर आवाज वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला, तर चाकाचं बेअरिंग आधी तपासा. हे रहदारीत करू नका.

गाडीखाली वाकून बघा

सपाट जागेवर, गाडी थंड असताना, इंजिन बंद करून, चाकांना ठोकळे लावून बघायचं. ओढणी, पदर, मोकळे केस आधी आवरा. इंजिन चालू असताना शाफ्टजवळ हात न्यायचा नाही. ही सवय लागली पाहिजे.

गळती. हौजिंगवर तेलकट काळा थर आहे का? पुढच्या टोकाला, शाफ्ट जोडतो तिथे ओलं असेल तर पिनियनचं सील. मागच्या झाकणाच्या कडेने ओलं असेल तर पॅकिंग. चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ असेल तर एक्सलचं सील. हा तिसरा ओघळ सर्वांत धोक्याचा, कारण ते तेल ब्रेकच्या ड्रममध्ये, लायनरवर जातं आणि त्या चाकाचा ब्रेक लागत नाही. माल भरलेली गाडी मार्वे रोडच्या गर्दीत ब्रेकशिवाय काय करेल, ते सांगायला नको. असा ओघळ दिसला की गाडी धंद्याला काढायची नाही.

ब्रीदर. हौजिंगच्या वरच्या अंगाला छोटी टोपी किंवा बारीक नळी असते. गाडी चालून आतलं तेल तापलं की हवा फुगते. ती या टोपीतून बाहेर पडते. टोपी चिखलाने बुजली तर हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल बाहेर फेकते. मग आपण सीलमागून सील बदलत बसतो, आणि दोष टोपीत असतो. सील बदलायला सांगितलं की ‘ब्रीदर साफ केला का?’ हे विचारायचंच.

तेल. हौजिंगला दोन प्लग असतात. वरचा भरायचा, खालचा काढायचा. वरचा प्लग सोडल्यावर भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असायला हवं. बोट घातलं आणि तेल लागलं नाही, तर तेल कमी आहे. तेल बदलताना वरचा प्लग आधी सोडा, खालचा नंतर. वरचा गंजून बसला असेल आणि खालून तेल काढून टाकलं असेल, तर नवं भरायचं कुठून?

निघालेलं तेल पांढऱ्या भांड्यात घेऊन बघा :

• काळपट पण स्वच्छ : जुनं झालंय, बदला.
• दुधाळ, चहासारखं : पाणी गेलंय. तेल बदला आणि पाणी कुठून गेलं ते शोधा.
• जळका वास : तेल कमी होतं किंवा ओझं जास्त झालं.
• चुंबक असलेल्या प्लगवर बारीक करडा लेप : नेहमीची झीज, घाबरू नका.
• हाताला टोचणारे कण, कपच्या, दाताचे तुकडे : हौजिंग उघडावं लागेल.

तेल कुठलं घालायचं? गॅरेजात ‘नव्वद नंबर’ म्हणतात. बहुतेक पिकअपच्या पुस्तिकेत 80डब्ल्यू-90 किंवा 85डब्ल्यू-140 आणि सोबत जीएल-5 असं लिहिलेलं असतं. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तेच घ्या. या गिअरचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातसुद्धा. तो दाब सोसणारं खास तेलच लागतं. इंजिनचं उरलेलं तेल इथे चालत नाही. काढलेलं तेल गटारात किंवा खाडीत ओतू नका, ते पाणी आपल्याच जाळ्यात येतं. जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

समुद्राकाठच्या गाडीचे तीन वैरी

बर्फाचं खारं पाणी. हौद्यातल्या टबांमधून पाणी गळतं ते थेट हौजिंगवर, पाट्यांवर आणि ब्रेकच्या पाइपवर. लोखंड गंजतं, प्लग बसतात, ब्रीदर बुजतो. रोज फेरी संपली की गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा. हौद्याला ताडपत्री किंवा पत्रा घालून पाणी एका बाजूने खाली सोडा.

साचलेलं पाणी. पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी असतं. चालून तापलेलं हौजिंग अचानक पाण्यात गेलं की थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सैल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून खोल पाण्यातून गेलेल्या गाडीचं तेल त्याच आठवड्यात बघून घ्या. किलोमीटर भरायची वाट पाहू नका.

वाळू. माल भरायला टेम्पो किनाऱ्यावर नेतो, एक चाक रुततं आणि गरगर फिरतं, दुसरं जागचं हलत नाही. यात बिघाड काही नाही. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. सैल वाळूतलं चाक जेवढा जोर घेऊ शकतं, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, आणि तो गाडी हलवायला पुरत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहिलात तर स्टार गिअर वेगाने फिरून तापतात आणि झिजतात. माल उतरवा, वाळू उकरा, चाकाखाली गोणपाट किंवा फळी घाला आणि हळूच काढा. धक्का द्यायला चार बायका पुरतात. नवे स्टार गिअर त्यापेक्षा महाग पडतात.

वर उचलून करायची तपासणी

ही मेकॅनिकने करायची, आपण शेजारी उभं राहून बघायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. खाली घोड्या लावल्याच पाहिजेत. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग राहत नाही, कारण तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा.

इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका आणि एक मागचं चाक हाताने पुढे फिरवा. दुसरं चाक उलटं फिरेल. असं झालं तर स्टार गिअर आपलं काम करत आहेत. फिरवताना खरखर लागते का, अडकतं का, ते हाताला कळतं.

मग न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने किंचित पुढे-मागे हलवायचा. क्रॉसमध्ये हालचाल दिसली तर क्रॉस बदला. पिनियनचं टोक वर-खाली हललं तर बेअरिंग गेलं. टोक हलत नाही, पण शाफ्ट बराच फिरल्यावर चाक हलतं, तर क्राऊन-पिनियनमधली किंवा स्टार गिअरमधली चाल वाढली आहे. क्राऊन-पिनियनच्या दातांत थोडी मोकळीक लागतेच. बऱ्याच गाड्यांत ती 0.15 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या दोन कागदांच्या जाडीएवढी असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. ती डोळ्यांनी मोजत नाहीत, डायल गेज लावून मोजतात. ‘अंदाजाने बसवतो’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

दुरुस्ती : खर्चाच्या चार पायऱ्या

खालच्या पायरीने काम होत असेल तर वर चढायचं नाही.

पहिली पायरी. तेल बदलणं, ब्रीदर साफ करणं, यू-बोल्ट आणि क्रॉस बघणं. बरेच आवाज इथेच सापडतात.

दुसरी पायरी. सील बदलणं. पिनियनचं सील बदलताना एक काळजी : पिनियनचा नट किती घट्ट, यावर आतल्या बेअरिंगवरचा दाब ठरतो. नट सोडण्याआधी खूण करून तो मोजून बसवला पाहिजे. मशीनने खाडखाड आवळला तर चांगलं बेअरिंग महिन्याभरात जळतं.

तिसरी पायरी. बेअरिंग बदलणं. बेअरिंग बाहेरच्या कड्यासकट, पूर्ण बदलायचं. नुसता आतला भाग नवा घालायचा नाही. मग पातळ चकत्या म्हणजे शिम घालून गिअर पुन्हा जागेवर आणायचे आणि दातांत मोकळीक मोजायची.

चौथी पायरी. क्राऊन-पिनियन बदलणं. हे दोन्ही गिअर कारखान्यात जोडीने तयार होतात, म्हणून जोडीनेच बदलायचे. ‘फक्त पिनियन नवा टाकू’ याला नाही म्हणा. बसवल्यावर मेकॅनिक दातांना रंग लावून गिअर फिरवतो आणि ठसा बघतो. ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. टोकावर, मुळाशी किंवा एकाच कडेला उमटला तर बसवणी चुकली आहे. हा ठसा आपल्याला बघता येतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कुर्ल्याच्या बाजारात जुना आख्खा डिफरन्शियलही मिळतो. घ्यायचा असेल तर दातांचा हिशोब जुळला पाहिजे. आपल्या गाडीचा 41 ला 10 आणि आणलेला वेगळा, तर गाडीचा जोर आणि वेग दोन्ही बिघडतील. हाताने फिरवून बघा, तेल काढून बघा, पावती घ्या.

नवी जोडी बसवल्यावर पहिले काहीशे किलोमीटर ओझं कमी ठेवा, सलग लांब पळवू नका, हौजिंग थंड होऊ द्या, आणि सांगितलेल्या किलोमीटरला तेल पुन्हा बदला. नव्या दातांना एकमेकांवर बसायला वेळ लागतो. दुसऱ्याच दिवशी गाडी काठोकाठ भरली तर केलेला खर्च वाया जाईल.

गॅरेजात विचारायचे सहा प्रश्न

1. नेमका कुठला भाग गेला? दाखवा.
2. तेल काढून बघितलं का? त्यात काय निघालं?
3. भाग, तेल आणि मजुरी यांचा वेगवेगळा अंदाज लिहून द्याल का?
4. हौजिंग उघडल्यावर आणखी काही निघालं तर आधी फोन कराल ना? आमच्या होकाराशिवाय काम वाढवायचं नाही.
5. बदललेले जुने भाग आम्हाला परत मिळतील ना?
6. कामाची हमी किती दिवसांची? बिलावर लिहाल का?

मोठ्या रकमेसाठी दोन ठिकाणी विचारा, बैठकीत ठराव करा आणि मगच पैसे द्या. पक्कं बिल घ्या. वाद झाला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन विचारता येतं.

आमच्या टेम्पोचं काय झालं?

आम्ही गाडी दुसऱ्या एका जुन्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी ड्रायव्हरला विचारलं, आवाज कधी येतो? तो म्हणाला, सतत, आणि पाय सोडल्यावर जास्त. मेस्त्रींनी वरचा प्लग सोडला, बोट घातलं, बोट कोरडंच. ब्रीदर मीठ आणि चिखलाने घट्ट बुजला होता. पिनियनच्या सीलमधून तेल गेलं होतं आणि कमी तेलावर चालून पिनियनचं बेअरिंग खराब झालं होतं. क्राऊन-पिनियनचे दात मात्र शाबूत होते. दोन बेअरिंग, सील, शिम, तेल आणि मजुरी मिळून खर्च पहिल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आला.

पहिला गॅरेजवाला लबाडच होता असं मी म्हणणार नाही. आख्खा बदलणं त्याला सोपं वाटलं असेल. चूक आमचीही होती. ड्रायव्हरने होळीलाच आवाजाचं सांगितलं होतं. तेव्हा आम्ही म्हणालो, ‘जुनी गाडी आहे, करणारच आवाज.’ कुणी वहीत लिहिलं नाही. मेस्त्री म्हणाले, “अजून पंधरा दिवस चालवली असती ना ताई, तर पिनियन हलून क्राऊनचे दात खाल्ले असते. मग आख्खाच बदलावा लागला असता.” म्हणजे पहिल्याचं म्हणणं आम्हीच खरं करायला निघालो होतो.

त्या दिवसापासून हजेरीच्या वहीशेजारी आमची गाडीची वही असते. तारीख, किलोमीटर, तेल कधी बदललं, ब्रीदर कधी साफ केला, गाडी पाण्यातून गेली का, आणि ड्रायव्हरने कसला आवाज सांगितला, एवढंच त्यात लिहितो. दर बैठकीला दोन मिनिटं लागतात. मोठं काम असेल तर ते 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात काढतो. होड्या किनाऱ्यावर असतात, गाडीलाही उसंत असते, आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होतो तेव्हा ती तयार असते.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या गटातल्या किंवा घरच्या गाडीचा डिफरन्शियल मागे आहे की पुढे? जाऊन बघा.
2. त्याचं तेल शेवटचं कधी बदललं? कुणाला आठवतं का?
3. चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ दिसला, तर गाडी धंद्याला काढायची की नाही? का?
4. गाडीची वही कोण लिहील? आजच नाव ठरवा.